छोटा डेस्कटॉप घ्यायचाय? बेळगाव, कोल्हापूर, गोवा, दुबई की ऑनलाइन, भाव नेमका कसा काढायचा

दसऱ्याच्या आधी खानापूरहून मावशीचा मुलगा आला, हातात मोबाइल आणि त्यात चार स्क्रीनशॉट. एक बेळगावच्या दुकानातलं कोटेशन, एक कोल्हापूरच्या मित्रानं पाठवलेला भाव, एक ऑनलाइनचा, आणि एक दुबईत असलेल्या मेव्हण्यानं पाठवलेला दिरहममधला आकडा. मला म्हणाला, "दादा, ह्यातलं स्वस्त कुठलं तेवढं सांग की, उद्या पैसे भरायचेत." मी चारही नीट बघितले तर आकडे वेगळे होतेच, पण वस्तू पण वेगळ्या होत्या. एकात मॉनिटर धरलेला, एकात जीएसटी धरलेलाच नाही, एकात रॅम (काम करताना लागणारी मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) दोन्ही नाही म्हणजे नुसतं खोकं, आणि दुबईच्या भावात तिकडचा टॅक्स. ह्यातलं स्वस्त कुठलं हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण चारही भाव एका रेषेत आणलेच नव्हते.

मी शहापुरात डीटीपीचं छोटं दुकान चालवतो, लग्नपत्रिका, बिलबुकं, कन्नड-मराठी टायपिंग, असली कामं. त्यामुळं कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की ओळखीचे लोक माझ्याकडं येतात, आणि जवळजवळ सगळेच "कुठं स्वस्त" हे पहिलं विचारतात. तो प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आधी काय करायचं ते पायरीपायरीनं सांगतो, पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी लिहिलंय म्हणून साधं साधं पण सांगितलंय.

पायरी १: वस्तू ओळखा

आपल्याकडं टेबलाखालच्या मोठ्या डब्याला सगळे "सीपीयू" म्हणतात. तोच डबा आता टिफिनच्या डब्याएवढा झालाय. उदाहरणाला ॲपलचा मॅक मिनी घ्या, २०२४ चं मॉडेल लांबी-रुंदीला १२.७ सेंटीमीटर आणि उंचीला ५ सेंटीमीटर, आधीचं १९.७ सेंटीमीटरचं होतं. विंडोजच्या बाजूला मिनी पीसी म्हणून बऱ्याच कंपन्यांचे डबे मिळतात, इंटेलचा एनयूसी ह्यातला जुना, २०२३ मध्ये इंटेलनं ते काम सोडलं आणि आसूसनं घेतलं. आणि तिसरा प्रकार म्हणजे ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले आणि नीट करून विकलेले डबे, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी. तिन्ही दिसायला सारखेच लहान, पण भाव काढायची रीत तिघांची वेगळी, हे डोक्यात ठेवा.

पायरी २: काम आधी कागदावर लिहा, मशीन नंतर

ही पायरी लोक सोडतात आणि इथंच पैसे जातात. आपल्या भागात एका टेबलावर तीन भाषा चालतात, आणि मशीनची किंमत ठरवताना हीच गोष्ट सगळ्यात मोठी आहे असं मला वाटतं. कन्नड टायपिंगला नुडी लागतं, ते विंडोजवर चालतं. मराठीला जुनी डाँगलवाली (किल्लीसारखा तुकडा लावल्याशिवाय न चालणारी) श्रीलिपी असेल तर ती पण विंडोज मागते. हिशेबाला टॅली, ते पण विंडोजचंच. सरकारी सेवांची कामं करत असाल तर अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा टोकन यांचे ड्रायव्हर बघावे लागतात. आता एखाद्याला मॅक मिनी कितीही चांगल्या भावात मिळाला आणि त्याचं सगळं काम टॅली आणि नुडीवर असेल तर तो भाव त्याच्यासाठी महागच. नव्या मॅकवर पूर्वीसारखं बूट कॅम्पनं विंडोज टाकता येत नाही, वेगळं सॉफ्टवेअर घेऊन आत विंडोज चालवता येतं पण ते एआरएमवालं विंडोज, म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठी केलेलं, त्याच्यावर जुने डाँगल आणि ड्रायव्हर चालतीलच याची खात्री मी तरी कुणाला देणार नाही.

उलट कुणी व्हिडिओ एडिटिंग करतो, गाणी रेकॉर्ड करतो, कोडिंग शिकतोय, किंवा इथंच व्हीटीयूच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे, त्यानं मॅक मिनीचा विचार जरूर करावा, कारण त्या पैशात तेवढा वेग दुसरीकडं मिळणं कठीण.

म्हणून एका कागदावर लिहा: कुठले प्रोग्राम, कुठली भाषा, कुठला प्रिंटर, एकावेळी किती फाइली उघड्या राहतात. नुसतं बिलिंग, ईमेल आणि मुलांचा अभ्यास असेल तर इंटेलच्या एन१०० सारखा प्रोसेसर पुरतो, चार कोर आहेत, वीज अगदी कमी खातो, पण त्याला कंपनीच्या हिशेबानं जास्तीत जास्त १६ जीबीच रॅम चालते, म्हणजे त्याच्यापुढं वाढवायची सोय नाही समजा. कोरल आणि फोटोशॉप दिवसभर उघडं ठेवणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये, मी एका ओळखीच्या मुलाला स्पष्ट नको म्हटलं होतं.

पायरी ३: परदेशातला भाव आपल्या भावाशी जुळवा

आता खरा हिशेब. नवीन मशीन आलं की सगळ्यात जास्त ऐकू येतं ते म्हणजे "अमेरिकेत इतक्याला आहे, इकडं लुटतात". हे वाक्य खरं की खोटं हे दोन मिनिटांत काढता येतं, वही घ्या.

ॲपलनं २९ ऑक्टोबर २०२४ ला एम४ चिपचा मॅक मिनी जाहीर केला, अमेरिकेत ५९९ डॉलर आणि भारतात ५९,९०० रुपये. तेव्हा डॉलर ८४ रुपयांच्या आसपास होता. ५९९ गुणिले ८४ म्हणजे ५०,३१६ रुपये. बघणारा इथंच थांबतो आणि म्हणतो जवळजवळ दहा हजार जादा घेतात. पण अमेरिकेतल्या ५९९ मध्ये टॅक्स नसतो, तिकडं प्रत्येक राज्याचा सेल्स टॅक्स बिल करताना वरून लागतो. आपल्याकडच्या ५९,९०० मध्ये १८ टक्के जीएसटी आत आहे. म्हणून ५०,३१६ ला १.१८ नं गुणा, येतात ५९,३७३. म्हणजे फरक पाचशे-सव्वापाचशे रुपयांचा. एवढ्यात वाहतूक पण निघत नाही. माझ्या मते ह्या मॉडेलचा भारतातला भाव अगदी रास्त लावलेला होता.

आता त्याच कंपनीचा वरचा डबा घ्या, एम४ प्रो. अमेरिकेत १,३९९ डॉलर, भारतात १,४९,९००. १,३९९ गुणिले ८४ म्हणजे १,१७,५१६, त्यावर १८ टक्के धरून १,३८,६६९. इथं फरक सव्वाअकरा हजारांच्या जवळ. म्हणजे कंपनी तीच, दिवस तोच, देश तोच, पण खालच्या मॉडेलवर जादा काही नाही आणि वरच्या मॉडेलवर आठ टक्के जादा. "भारतात महागच असतं" किंवा "भारतात आता सारखंच असतं" ही दोन्ही वाक्यं म्हणून बिनकामाची, प्रत्येक मॉडेलचा हिशेब वेगळा करायचा.

रॅम आणि स्टोरेज वाढवायचे भाव पण असेच तपासा. ह्या मॅक मिनीत ८ जीबी रॅम वाढवायला तेव्हा अमेरिकेत २०० डॉलर, इकडं २०,००० रुपये होते. २०० गुणिले ८४ गुणिले १.१८ म्हणजे १९,८२४, म्हणजे प्रदेशाचा फरक नाही. पण मुळातच तो भाव जड आहे, अमेरिकेत पण आणि इकडं पण. ५९,९०० च्या मशीनला रॅम आणि स्टोरेज एकेक पायरी वाढवलं की ९९,९०० व्हायचे. रॅम नंतर घालता येत नाही ती चिपबरोबरच असते, म्हणून रॅमवर पैसे घालायचे असतील तर घेतानाच घाला, पण स्टोरेजसाठी २०,००० देण्यापेक्षा बाहेरून एसएसडी लावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आणि डॉलर हलतो हे विसरू नका. कंपनी भाव रोज बदलत नाही, डॉलर रोज बदलतो. डॉलर ८८ धरून तोच हिशेब केला तर ५९९ डॉलरचे टॅक्ससकट ६२,२०० रुपये होतात, म्हणजे तेव्हा ५९,९०० हा अमेरिकेपेक्षा कमी भाव ठरतो. म्हणून कुणी सांगितलेला जुना हिशेब वापरू नका, त्या दिवसाचा डॉलर घ्या.

अजून एक. २०२३ च्या जानेवारीत एम२ चा मॅक मिनी आला तेव्हा पण सुरुवातीचा भाव ५९,९०० च होता, पण आत ८ जीबी रॅम होती. एम४ ला त्याच भावात १६ जीबी. म्हणजे लेबलवरचा आकडा तोच राहिला आणि आतली रॅम दुप्पट झाली. एखाद्या दुकानात जुना एम२ चार-पाच हजारांनी स्वस्त म्हणून पुढं केला तर तो स्वस्त नाही. विंडोजच्या डब्यांना पण हाच नियम, मॉडेलचं वर्ष विचारल्याशिवाय डिस्काउंटला हो म्हणायचं नाही.

विद्यार्थी आणि शिक्षकांना एज्युकेशन भाव वेगळा असतो, ह्याच मॅक मिनीला तो ४९,९०० होता. घरात कॉलेजचं आयडी कार्ड असेल तर हे पहिल्यांदा विचारा, आपल्याकडं हे माहीतच नसल्यानं कितीतरी जण पूर्ण भाव भरतात आणि मला त्याचं वाईट वाटतं.

पायरी ४: हद्दीपलीकडं स्वस्त असतं का?

आपण सीमाभागातली माणसं. पेट्रोल गोव्यात वेगळं, दारू गोव्यात वेगळी, त्यामुळं डोक्यात पक्कं बसलंय की हद्द ओलांडली की भाव बदलतो. जीएसटी यायच्या आधी प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा होता तेव्हा ते काही वस्तूंना खरं पण असायचं. पण १ जुलै २०१७ पासून कॉम्प्युटरला बेळगावात १८ टक्के, कोल्हापुरात १८ टक्के, पणजीत पण १८ टक्के. टॅक्सनं एक रुपयाचा फरक पडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरचे मॉनिटर २८ वरून १८ वर आले, पण डब्याला आधी पण १८ आणि नंतर पण १८, म्हणून "जीएसटी कमी झाला म्हणून भाव कमी केलाय" असं कुणी डब्याबद्दल सांगितलं तर नीट विचारा.

मग दुकानादुकानात फरक पडतो कशानं? दुकानदार किती माल उचलतो, त्याच्याकडं जुना स्टॉक पडलाय का, बँकेची ऑफर चालू आहे का, आणि तो मार्जिन किती सोडतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बेंगळुरूचा एसपी रोड इथं भाव तुटतात ते माल मोठा फिरतो म्हणून. बेळगावात खडेबाजार, टिळकवाडी इकडं विचारलं आणि कोल्हापुरात विचारलं तर हजार-दोन हजारांचा फरक निघू शकतो, पण बेळगाव ते कोल्हापूर जवळपास ११० किलोमीटर, जाऊन-येऊन २२० झालं, गाडीला लिटरला १५ चं ॲव्हरेज धरलं तरी पेट्रोलच दीड हजाराच्या आसपास, वर हत्तरगी आणि कोगनोळीचा टोल, आणि दुकान बंद ठेवून गेलेला एक दिवस. निपाणीच्या माणसाचं गणित उलटं, त्याला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव सत्तरच्या वर, त्यानं कोल्हापूरच बघावं. आणि चंदगडची माणसं महाराष्ट्रात राहून बाजाराला बेळगावला येतात, त्यांच्यासाठी बेळगावच जवळ. जिथं दुरुस्तीला परत जाता येईल ते गाव निवडा, राज्य कुठलं ते बघू नका.

धंद्यासाठी घेणाऱ्यांनी मात्र हद्द बघायलाच पाहिजे, आणि हे मी स्वतः सोसलंय. काही वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका दुकानातून मी मशीन घेतलं, भाव ४२,००० आणि वर १८ टक्के म्हणजे ७,५६०. घाईत होतो, दुकानदारानं काउंटरवरच्या कुठल्याही गिऱ्हाइकाला देतात तसं नऊ टक्के केंद्राचा आणि नऊ टक्के महाराष्ट्राचा टॅक्स लावून बिल दिलं, मी पण खिशात घातलं आणि आलो. महिनाअखेरीला सीएनी बिल हातात घेतलं, वरचा नंबर बघितला आणि म्हणाले ह्याचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही, म्हणजे हा भरलेला टॅक्स आपल्या देण्यातून वजा होत नाही. आपला जीएसटी नंबर २९ नं सुरू होतो, कर्नाटक. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. दुसऱ्या राज्यात तिथला स्थानिक टॅक्स लागलेलं बिल आपल्या नंबरावर चालत नाही, आयजीएसटीचं, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या विक्रीला लागणाऱ्या टॅक्सचं बिल लागतं. सात हजार पाचशे साठ रुपये गेले, आणि मी तिथं गेलो होतो दीड हजार वाचवायला. म्हणून पैसे देण्याच्या आधी सांगा: माझा २९ चा नंबर घाला, बेळगावच्या पत्त्यावर आयजीएसटी लावून बिल द्या. ते देत नसतील तर आपल्या गावात घ्या. चंदगडच्या दुकानदारानं बेळगावात घेताना हेच उलटं करायचं. आणि मोठी रक्कम असेल तर आधी आपल्या सीएला एक फोन करा.

घरासाठी घेणाऱ्याला क्रेडिटचा विषय नाही. पण "बिल नको असेल तर दोन हजार कमी" असं कुणी म्हटलं तर उठून या. पक्कं बिल नसेल तर वॉरंटीला भांडायला हातात काहीच राहत नाही.

पायरी ५: डब्याबाहेरचं धरा

छोट्या डेस्कटॉपचा भाव वाचून लोक लॅपटॉपशी तुलना करतात आणि फसतात ते इथं. डब्यात फक्त डबा येतो. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, माऊस नाही, बॅटरी नाही. घरी मॉनिटर असेल तर उत्तम, नसेल तर साधा २२ इंची धरा सात-आठ हजार, कीबोर्ड-माऊस हजारभर, यूपीएस तीन हजार. कॅमेरा आणि स्पीकर लागतील तर ते वेगळे. म्हणजे ६०,००० चा डबा टेबलावर चालू होईपर्यंत ७२,००० चा होतो, आणि मग त्याच पैशातल्या लॅपटॉपशी तुलना करा.

मॅक मिनीला पुढं दोन आणि मागं तीन टाइप-सी सारखी भोकं आहेत, जुनं चपटं यूएसबीचं भोक एकपण नाही. आपला प्रिंटर, पेनड्राइव्ह, सगळं जुन्या यूएसबीचं. जुनी यूएसबीची भोकं जोडून देणारा हब घ्यावाच लागतो, तो हिशेबात धरा. चालू करायचं बटण खालच्या बाजूला कोपऱ्यात आहे, डबा थोडा उचलून बोट घालावं लागतं, पहिल्या दिवशी माझ्याकडं आलेला प्रत्येक माणूस मागं-पुढं बटण शोधत बसला.

यूपीएस वगळू नका, विशेषतः खानापूर, जांबोटीकडं राहणाऱ्यांनी. पावसाळ्यात तिकडं लाइट येते-जाते, विजा पडतात, आणि लॅपटॉपला असते तशी बॅटरी ह्या डब्याला नसते, सेव्ह न केलेलं काम जातं आणि कधीकधी एसएसडी पण. घराचं अर्थिंग एकदा वायरमनकडून बघून घ्या.

विजेचा फायदा किती ते पण खरं सांगतो. एम४ मॅक मिनी नुसता चालू असताना ४ वॅट घेतो आणि जास्तीत जास्त ६५. जुना मोठा डबा ८० वॅट धरला, मिनी सरासरी १५ धरला, रोज आठ तास आणि महिन्याला २५ दिवस, तर १६ युनिटच्या जागी ३ युनिट. सात-आठ रुपये युनिट म्हटलं तरी महिन्याला शंभर रुपये. हे ऐकून मशीन घ्यायचं नाही. पण इन्व्हर्टरवर तो कितीतरी जास्त वेळ चालतो, आणि आपल्याकडं त्याची किंमत शंभर रुपयांपेक्षा जास्त आहे.

पायरी ६: बेअरबोन आणि रिफर्बिश्ड

ऑनलाइन बघताना एखादा मिनी पीसी अचानक निम्म्या भावात दिसला की नावात "बेअरबोन" शब्द शोधा. त्याचा अर्थ रॅम नाही, एसएसडी नाही, विंडोज नाही. मावशीच्या मुलाचा तिसरा स्क्रीनशॉट नेमका हाच होता. पूर्वी बेअरबोन घेऊन रॅम वेगळी घालणं परवडायचं, पण २०२५ च्या शेवटाकडं एआयच्या डेटा सेंटरना मेमरी एवढी लागायला लागली की रॅमचे भाव जोरात चढले, त्यामुळं आता तिन्हींचा भाव वेगवेगळा काढून बेरीज केल्याशिवाय ठरवू नका. विंडोज आहे का आणि खरं आहे का हे सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनला जाऊन दिसतं, दुकानातच बघून घ्या.

रिफर्बिश्ड घेताना स्टिकरवर आय५ लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, त्याच्यापुढचा आकडा वाचा. आय५-६५००टी आणि आय५-८५००टी, दोन्ही आय५, दोन्ही डबे बाहेरून सारखे, पण पहिल्यात चार कोर आणि दुसऱ्यात सहा. आणि मुख्य म्हणजे विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच इंटेल प्रोसेसर चालतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर ऑफिसांनी सहाव्या-सातव्या पिढीचे डबे काढून टाकले आणि ते बाजारात आले, म्हणून ते स्वस्त दिसतात. बँकेचं काम, जीएसटी भरणं असल्या कामाला असा डबा घेऊ नका. आठव्या पिढीचा चांगल्या हालतीतला थिंकसेंटर किंवा ऑप्टिप्लेक्स मात्र बिलिंगच्या दुकानाला मी आनंदानं सुचवतो. ॲडॉप्टर मूळचा आहे का बघा, त्याच्यावर बीआयएसची खूण आणि आर नं सुरू होणारा नंबर असायला पाहिजे, आणि हातात धरून हळू हलवा, आत काही खुळखुळलं तर बदलून मागा.

पायरी ७: दुबईहून आणू का?

आपल्याकडं प्रत्येक गल्लीत एकजण तरी आखातात आहे म्हणून हा प्रश्न येतोच. तिकडं टॅक्स ५ टक्के, इकडं १८, म्हणजे ५०,००० च्या मुळच्या भावावर फरक साडेसहा हजारांचा. त्यातून वजा करा: प्लग तिकडचा तीन जाड पायांचा, म्हणून वायर बदला. वॉरंटी इकडं चालते का ते ब्रँडप्रमाणं बदलतं, लेखी विचारा. आणि कस्टम. येताना एक लॅपटॉप बिनड्युटीचा आणता येतो ती सवलत लॅपटॉपला आहे, डेस्कटॉपच्या डब्याला नाही, तो तुमच्या सामानाच्या एकूण मर्यादेत मोजला जातो. पार्सलनं मागवायचं तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं लॅपटॉप, टॅब्लेट आणि असल्या अगदी छोट्या कॉम्प्युटरच्या आयातीला परवान्याची अट आणली, एका नगाला त्यातून सूट आहे पण ड्युटी सुटत नाही. मेव्हणा येतच असेल, त्याच्या बॅगेत जागा असेल, आणि मशीन तुम्हाला स्वतःला सांभाळता येत असेल तरच आणा. दुकानाच्या कामाला नको.

पायरी ८: हप्ता

"नो कॉस्ट ईएमआय" मध्ये व्याज डिस्काउंट म्हणून आधी वजा करतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बँक तुमच्याकडून घेते. एकरकमी भरलं तर किती, हे दुकानदाराला वेगळं विचारा, तोच खरा भाव.

पायरी ९: दुरुस्तीला कुठं जायचं ते आधी बघा

ब्रँडच्या साइटवर आपला पिनकोड टाका आणि सर्व्हिस सेंटर कुठलं दाखवतंय बघा. बेळगाव आलं तर चांगलं, हुबळी किंवा कोल्हापूर आलं तर एक दिवस धरा, आणि पुणे-बेंगळुरू आलं तर कुरिअरनं पाठवून दोन-तीन आठवडे मशीनशिवाय काढायची तयारी ठेवा. एकदा ऑनलाइन घेतलेला एक अनोळखी ब्रँडचा मिनी पीसी माझ्याकडं दुरुस्तीला आला होता, चार महिन्यांत एसएसडी गेलेली. विकणाऱ्यानं फोन उचलला नाही, बॉक्सवर इकडचा पत्ताच नव्हता. शेवटी दुसरी एसएसडी घालून दिली, त्यात ज्याचं मशीन होतं त्याचे वाचलेले सगळे पैसे गेले आणि मुलाचा प्रोजेक्ट गेला तो वेगळाच.

कंपनीच्या ऑफिसवाल्या मॉडेलना ऑनसाइट वॉरंटी मिळते का विचारा, म्हणजे माणूस घरी येऊन बघतो. तालुक्याच्या गावात राहणाऱ्यानं ह्याच्यासाठी दोन हजार जादा गेले तरी द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

पायरी १०: आता भाव विचारा

वहीच्या एका पानावर उभ्या रेघा मारा, प्रत्येक दुकानाला एक रकाना. आडव्या ओळी अशा: डबा जीएसटीसकट, रॅम किती, एसएसडी किती, विंडोज आहे की नाही, मॉनिटर, कीबोर्ड-माऊस, हब, यूपीएस, जाण्यायेण्याचा खर्च, ड्युटी, वॉरंटी, आणि शेवटची ओळ सर्व्हिस सेंटर किती किलोमीटर. मावशीच्या मुलाला तिथंच बसवून हे पान भरायला लावलं. दुबईवाला रकाना ड्युटी आणि वॉरंटीच्या ओळीवर अडला, बेअरबोनवाला रॅमच्या ओळीवर, आणि कोल्हापूर आणि बेळगावमध्ये शेवटी आठशे रुपयांचा फरक राहिला, तो पण पेट्रोल न धरता.

मग ते पान घेऊन गावातल्या दुकानात जा. "काका, कोल्हापुरात इतक्याला देऊलालेत, तुम्ही काय करता बघा की" असं सरळ बोला. चांगला दुकानदार भाव नाही उतरवला तरी कीबोर्ड-माऊस घालून देतो, नाहीतर यूपीएस खरेदी भावात देतो. छापील एमआरपीत सगळे टॅक्स आत असतात, त्याच्यावर एक रुपया पण द्यायचा नाही.

बॉक्स दुकानातच उघडा. बॉक्सवरचा सिरियल नंबर, मशीनखालचा नंबर आणि बिलावरचा नंबर, तिन्ही एक आहेत का बघा आणि मोबाइलमध्ये तिन्हींचा फोटो काढा. मशीन चालू करून रॅम आणि स्टोरेज स्क्रीनवर वाचा, बॉक्सवर विश्वास ठेवू नका. घरी आणल्यावर पहिला आठवडा रोज भरपूर वापरा, सगळी भोकं, वायफाय, लॅनची वायर, आवाज, प्रिंटर, नुडी असेल तर नुडीत एक पान टाइप करून छापून बघा. काही बिघाड असेल तर बहुतेक ह्याच दिवसांत दिसतो आणि तेव्हा दुकानदार बदलून पण लवकर देतो. बॉक्स वर्षभर माळ्यावर ठेवा, ओल लागणार नाही अशा जागी, आणि बिलाची झेरॉक्स काढा, कारण हल्लीच्या बिलावरची शाई सहा महिन्यांत उडते.